अकरा सेकंद

"मम्मी, दोनों हाथ स्टीयरिंग पर हैं. ब्लूटूथ है," अनुप म्हणाला.

"हात मी कधीच मोजले नाहीत," विभाताई म्हणाल्या. "गाडी बाजूला घे, मग बोल."

"आप तो घर में भी सर्कुलर निकालती हैं, यार."

तो हसला. त्या हसण्यामागे इंडिकेटरची टकटक चालू होती. विभाताईंनी फोन बंद केला.

लखनौच्या मानक नगरात, रेल्वेच्या संशोधन संस्थेत त्यांनी एकतीस वर्षं इंजिनचालकांचा प्रतिक्रियाकाळ मोजला होता. समोर लाल दिवा लागे, चालक बटण दाबी, आणि मधला अवकाश विभाताईंचं स्टॉपवॉच टिपून घेई. पुढे ते काम संगणकाकडे गेलं आणि निवृत्तीच्या दिवशी ते घड्याळ शालीसोबत त्यांना भेट मिळालं. चाचणी चालू असताना कुणी चालकाशी बोलू लागलं की हा काळ वाढे. विषय घरचा निघाला तर सर्वांत जास्त. यावर त्यांनी चार अहवाल लिहिले. वरिष्ठांनी ते वाखाणून कपाटात ठेवले, आणि तिथे ते शिस्तीत पिवळे पडले.

अनुप याच शहरात, गोमती नगरला राहत होता. दोन महिन्यांतून एकदा येई. फोन मात्र रोज संध्याकाळी साडेसहाला, ऑफिस सुटल्यावर गाडीतून. घर आलं की बोलणं संपे. मोटार ही त्याच्या दिवसातली एकमेव रिकामी खोली होती, आणि तिथे आईची सोय लावलेली होती. विभाताईंनी ही सोय तीन वर्षं विनातक्रार उपभोगली. अहवाल लिहिणाऱ्या बाईंना या तीन वर्षांत आपला एकही अहवाल आठवला नाही.

आठवला तो गेल्या महिन्यात. भाजणीत धणे किती घालायचे ते त्या सांगत होत्या, आणि पलीकडे ब्रेक किंचाळले. 

"कुछ नहीं, मम्मी. ई-रिक्शा था. बच गए."

"लक्ष कुठे होतं तुझं?"

"आप ही से तो बात कर रहा था."

त्याने हे आईला धीर देण्यासाठी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी विभाताईंनी नियम घातला: गाडी थांबवल्याशिवाय बोलायचं नाही. अनुपने तो लगेच मान्य केला. पहिल्या दिवशी त्याने पार्किंगमधून तीन मिनिटं फोन केला, पुढचे दोन दिवस केलाच नाही, आणि चौथ्या दिवशी पुन्हा चालत्या गाडीतून केला, दोन्ही हात स्टीयरिंगवर असल्याची ग्वाही देत. तेव्हापासून साडेसहाला त्या घड्याळ हातात घेऊन बसू लागल्या. रहदारी ऐकू आली की कळ दाबायची, फोन बंद केला की पुन्हा दाबायची. पहिल्यांदा सहा सेकंद लागले, मग तीन. दुसऱ्या आठवड्यात सव्वावर आले. साठी उलटलेल्या बाईच्या मानाने आकडा उत्तम होता. हळूहळू अनुपचे फोनही कमी झाले.

आज पाच दिवसांनी फोन वाजला. मागे हॉर्न होते. विभाताईंनी कळ दाबली.

"आई," अनुप म्हणाला.

शाळेत जाऊ लागल्यापासून त्याने हा शब्द वापरला नव्हता.

"आई, आज ऑफिसमध्ये अचानक तुझ्या भाजणीचा वास आला. म्हणजे, आला नसेल. पण आला. तू ऐकतेयस ना?"

टकटक सुरू झाली. तो कुठेतरी वळत होता.

"गाडी थांबव, अनुप. मी फोनपाशीच बसलेय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला.

घड्याळात अकरा सेकंद झाले होते. असा आकडा आला की चालकाच्या चेहऱ्याकडे न पाहता त्या कागदावर 'अपात्र' असा शेरा मारीत.

त्यांनी काटा शून्यावर आणला नाही. फोन मांडीवर सुलटा ठेवला. खिडकीतला उजेड हळूहळू गेला, समोरच्या वसाहतीत दिवे लागले. फोन अजून वाजला नव्हता. विभाताईंच्या खोलीत अंधारच राहिला. दिव्याचं बटण पलीकडच्या भिंतीवर होतं, आणि चार्जिंगला लावलेला फोन तिथवर पोचत नव्हता.