ऋतिकाचा हुकूम

आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली सूचनांची काचेची पेटी आहे. तिला कुलूप आहे आणि किल्ली आमच्या ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात असते, कारण हे सोसायटीचे सचिव. सरकारी कचेरीत उभं आयुष्य परिपत्रकं काढण्यात गेलं, आता ती हौस कोथरूडच्या या चार मजल्यांवर भागवतात. 'चपला रांगेत लावाव्यात. रांग म्हणजे काय हे ठाऊक नसल्यास सचिवांना विचारावे.' 'दूधवाल्याशी जिन्यात गप्पा मारू नयेत. त्याला कामे असतात.' अक्षर मात्र मोत्यासारखं, आणि प्रत्येक सूचनेखाली शेवटचा शब्द ठरलेला: हुकमावरून. कोणाच्या हुकमावरून, हे विचारायची आजवर एकाचीही छाती झालेली नाही. मी तर संसारभर तेच हुकूम ऐकत आले, मी कशाला विचारू?

आमची नात ऋतिका साडेचार वर्षांची आहे. तिचे आईबाप, म्हणजे आमचा आनंद आणि सून दीपमाला, सकाळीच खराडीच्या ऑफिसला निघतात ते दिवेलागणीला ट्रॅफिकला शिव्या देत परततात. मधला दिवस नात आमच्या वाट्याला. तिला नाजिमाताईंच्या बालवाडीत सोडायला हे जातात आणि आणायला मी. जाताना आजोबा-नात वाटेतली एकही पाटी सोडत नाहीत. हे वाचतात, ती बोट फिरवते. 'फाटकासमोर गाडी लावू नये.' 'फुले तोडू नयेत.' पोरीचा समज असा झालाय की जगात जे जे लिहिलेलं आहे ते कोणाला तरी दटावण्यासाठीच. एकदा माझ्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बोट ठेवून म्हणाली, "आजी, इथे काय करू नये?"

नाजिमाताईंची बालवाडी शेजारच्या गल्लीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर. तिथे परातीत रवा पसरून मुलं त्यात बोटं फिरवतात, कणकेचे साप वळतात, जाड खडूंनी कागदभर रेघोट्या मारतात. रेघोट्या मारून झाल्या की ताई शेजारी मांडी घालून बसतात आणि विचारतात, "काय लिहिलंस? वाच बरं मला." पोर सांगेल ते शब्दन् शब्द त्या खाली लिहून ठेवतात. एका मुलाने नुसते गोल गोल काढून 'आमच्या मांजरीला ताप आलाय' असं वाचलं. ताईंनी ते लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मांजरीची तब्येतही विचारली. मला ही बाई फार आवडते.

ह्यांना तो सगळा पोरखेळ वाटे. त्यात दीपमालाच्या ऑफिसमधल्या कोणाची तरी मुलगी सगळी अक्षरं लिहायला लागली आणि आमच्या घरात भीतीने पाय ठेवला. पुढच्या वर्षी मोठ्या शाळेत प्रवेश, आणि तिथे म्हणे मुलाखतीत स्वतःचं नाव लिहायला सांगतात. आता बारशाला आत्याने हौसेने 'ऋ'चं नाव ठेवलं. तो 'ऋ' काढताना अजून आनंदची गाळण उडते, आणि बोल मात्र पोरीला! पण दीपमालाला मी हसणार नाही. ती यवतमाळकडची. पुण्यातल्या नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता आणि ती बसमध्ये रडत परतली होती, हे तिने मला एकदा भाजी निवडताना सांगितलंय. लेकीवर ती वेळ येऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

मग ह्यांनी सूत्रं हातात घेतली. औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक वर्ग चालतो. तिथे एवढीएवढी मुलं हाताची घडी घालून बसतात आणि पानंच्या पानं गिरवतात. सोमवारपासून ऋतिका तिथे जाणार, नाजिमाताईंकडे नाही, असं ठरलं. मी तोंड उघडलं तर "तू मधे पडू नकोस" असा हुकूम सुटला.

सवय व्हावी म्हणून शनिवारी संध्याकाळीच ह्यांनी पाटी-पेन्सिल पुढ्यात ठेवली. "अ काढ." तिने काढला, तो जरा कलंडला. ह्यांनी पुसला. "पुन्हा." तिने पुन्हा काढला. "अ असा लोळतो का? पुन्हा." ती मोठ्याने रडली असती तर बरं झालं असतं. ती मुकाट्याने काढत राहिली आणि डोळ्यांतलं पाणी पाटीवर पडत राहिलं. हे ओरडले नाहीत, हात उगारला नाही, पण मला त्या दिवशी ह्यांचा मनापासून राग आला. दीपमाला दारात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती. तिच्याच्याने बघवतही नव्हतं आणि थांबवताही येत नव्हतं.

रात्री अंथरुणावर मी नेहमीचं गोष्टीचं पुस्तक काढलं, तर पोरीने तोंड फिरवलं. "मला नाही वाचायचं." रोज तेच पुस्तक तीन तीन वेळा वाचायला लावणारी पोर ही! मग अंधारात हळूच म्हणाली, "आजी, आजोबा म्हणतात मला लिहिता येत नाही. नाजिमाताई म्हणतात येतं. कोणाचं खरं?"

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

ती कुशीवर वळली. मला वाटलं झोपली.

रविवारी हे भाजी घेऊन आले तेव्हा आमच्या दारावर, कडीच्या खूप खाली, एक कागद चिकटवलेला होता. त्यावर जांभळ्या खडूच्या रेघोट्या. दारांवर कागद चिकटवू नयेत, ही ह्यांचीच सूचना. ह्यांनी तो ओरबाडला, चुरगळला आणि स्वयंपाकघरातल्या केराच्या बादलीत टाकला. तेवढ्यात ऋतिका आतून आली. तिने रिकामं दार बघितलं, मग आजोबांकडे बघितलं.

"आजोबा, तुम्ही वाचलंत?"

"काय वाचायचं? त्यात काही लिहिलेलंच नव्हतं."

"लिहिलेलं होतं! तुम्ही वाचलंच नाहीत!"

आणि आमच्या चारचौघांत लाजणाऱ्या नातीने केराची बादली जमिनीवर उपडी केली. मटारच्या सालींतून कागद शोधला, फरशीवर ठेवून तळहाताने सरळ केला. आवाजाने आनंद आणि दीपमाला धावत आले.

"वाचता येत नाही तर विचारायचं ना," ती म्हणाली, "काय लिहिलंस म्हणून!"

ज्यांच्या अक्षराला कचेरीत लोक नमुना म्हणायचे, त्यांना वाचता येत नाही! मला हसू आलं असतं, पण पोरीचा चेहरा बघून आलं नाही. हे बरेचसे वैतागून म्हणाले, "बरं. काय लिहिलंयस? वाच."

तिने पहिल्या रेघेच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं आणि सावकाश सरकवत नेलं. "येथे ऋतिकाला रडवू नये." बोट खाली आलं, परत डावीकडून निघालं. "ऋतिकाची शाळा बदलू नये." मग अगदी खाली एक आखूड वेटोळं होतं. तिथे थांबून तिने आजोबांकडे बघितलं आणि म्हणाली, "हुकमावरून."



माणूस हाडाचा कारकून! "पुन्हा वाच," म्हणाले. तिने वाचलं, तसंच. मग चहा झाला. चहा पिऊन ह्यांनी एकदम मधल्याच रेघेवर बोट ठेवलं. "ही ओळ कसली?"

"शाळेची," ऋतिका म्हणाली. "मघाशी सांगितलं ना?"

तेव्हा हे तिच्याशेजारी फरशीवर बसले. गुडघे दुखतात म्हणून जेवायलासुद्धा खाली न बसणारा माणूस! मला म्हणाले, "अगं, हिला कळलंय."

"काय कळलंय?"

"एकदा लिहिलं की ते बदलत नाही. सकाळी वाचा, संध्याकाळी वाचा, तेच. आमच्या कचेरीत हे निम्म्यांना शेवटपर्यंत कळलं नाही." मग चष्मा काढून उगाच पुसत राहिले. "आणि मी ते केरात टाकलं."

"पण बाबा," दीपमाला म्हणाली, "मुलाखतीत रेघोट्या कोण वाचणार आहे?"

तिचं चुकत नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "अक्षरं शिकवता येतील गं. तू मुलाखतीला गेलीस तेव्हा तुला अक्षरं येत होती की. धीर नव्हता. हिच्यात तो आहे, तो घालवायचा का?"

दीपमालाने त्या जांभळ्या कागदाला चिकटलेली मटारची साल काढली. मग उठली, परात काढली, डब्यातला रवा तिच्यात ओतला आणि लेकीपुढे बसली. "ताईंकडे कसं करता? दाखव मला." थोड्या वेळाने आनंदही तिथेच होता. बाप-लेकीने मिळून रव्यात एक भलामोठा 'ऋ' काढला, आणि बापाचाच जास्त वाकडा आला. फरशीभर रवा झाला.

सोमवारी सकाळी उठून बघते तर हे इस्त्री करत होते. सदरा नाही, तो कागद. मटारच्या सालीचा हिरवा डाग काही जाईना. मग त्यांनी ऋतिकाला बोलावून पुन्हा एकदा वाचायला लावलं, आणि ती सांगेल तसं, शब्दन् शब्द, रेघांच्या खाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून काढलं.

दोघांच्या मागे मी जिना उतरले. ह्यांनी काचेची पेटी उघडली, टाकी धुण्याची सूचना काढली आणि तिथे तो कागद लावला. ऋतिका म्हणाली, "मला दिसत नाही." ह्यांनी तो पार खालच्या कडेला आणून टाचण्या मारल्या.

दुसऱ्या मजल्यावरचे दीनानाथ फिरून येत होते. ते वाकले, नीट वाचलं आणि मिशीत हसत म्हणाले, "रावसाहेब, हा हुकूम कोणाला?"

"मला," हे म्हणाले. पेटीला कुलूप लावलं, किल्ली ऋतिकाच्या मुठीत दिली आणि तिचा दुसरा हात धरून नाजिमाताईंच्या गल्लीकडे वळले.