अंगावरची शिवण

माझ्या लेकीला, शुभदाला, गावी मुलगा झाला, मी आजोबा झालो, ते साल ब्याऐंशी. मला तेव्हा अक्षरं येत नव्हती. पत्र अन्सारने वाचून दाखवलं. बहारीनमध्ये, जुफैरला, माझ्या शिलाईच्या दुकानाला लागूनच त्याचा फोटो स्टुडिओ होता. पत्राची घडी घालतो तोच विलिस धावत आला.

"दत्ता, यल्ला! फोटो नाऊ. फोर ओक्लॉक शिप गो!"

विलिस अमेरिकन आरमारातला, उंच, काळा. तळावरचे खलाशी माझ्याकडे गणवेश टाकायचे. नावाच्या पट्ट्या मी आकार बघून शिवायचो. विलिसला बढती मिळाली होती. बाहीवर गरुड आणि तीन पट्ट्यांचा बिल्ला लावायचा होता. पांढऱ्या शर्टावर मी तो सकाळीच लावून ठेवला होता. पण फोटोला त्याला निळा गणवेश हवा होता, आणि निळा त्याच्या अंगावर होता.

फोटो विलिसच्या आजोबांसाठी होता. तेही याच आरमारात होते. फिलिपाईन्सवर अमेरिकेचं राज्य होतं तेव्हा ते तिकडच्या बोटीवर होते. काळ्या माणसाला तेव्हा एकच काम, गोऱ्या साहेबांना वाढायचं आणि ताटं विसळायची. हुकूम बदलला तो मोठ्या लढाईनंतर. वडिलांच्या हाती कोरियात बंदूक आली, पट्ट्या आल्या नाहीत. आता आजोबांची नजर जात चालली होती. दिसतंय तोवर त्यांना नातवाची बाही बघायची होती.

"टेक ऑफ," मी म्हटलं.

"नो टाइम." त्याने खांदा पुढे केला.

अंगावरचं कापड शिवू नये. आई सांगायची, तसं फक्त मेलेल्याचं शिवतात. अगदीच नड असली तर त्या माणसाने सुई निघेपर्यंत तोंडात दोरा धरायचा. मी पांढरा दोरा तोडून त्याच्या ओठांत दिला.

"बाइट. नो टॉक."

अन्सार दारातून ओरडला, "अरे दत्ताराम, बिल्ला लगा रहा है या दाँत निकाल रहा है?"

विलिस खदखदून हसला. दोरा सुटला. बिल्ल्याची एक बाजू राहिली होती. पुन्हा धर, म्हणायला हवं होतं. घड्याळात साडेतीन झाले होते. मी शिवत राहिलो.

"खलास," मी म्हटलं.

त्याने आरशात बाही पाहिली, मग माझ्याकडे. नातवाची बातमी अन्सारने त्याला सांगितली होती. "यू ग्रँडपा नाऊ! नेक्स्ट टाइम यू अँड मी, फोटो."

"इंशाल्ला," मी म्हटलं.

पाच आठवड्यांनी त्याचे दोन सोबती आले. हेलिकॉप्टर समुद्रात पडलं, म्हणाले. पांढरा शर्ट घरी पाठवायचा होता. मी इस्त्री केली, बिल्ला वर येईल अशी घडी घातली. फोटो टपालाने गेला होता. आजोबांना तो दिसला का, त्या दोघांना ठाऊक नव्हतं. मीही पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत चार पँटी आखूड केल्या.

अन्सारकडे एक प्रत उरली होती, ती मी मागून घेतली. बाही नीट दिसते. छातीवर, गडद निळ्यावर, एक पांढरा दोरा चिकटलेला आहे.

साठीनंतर अक्षरं शिकलो. त्या फोटोच्या मागे मी स्वतः लिहिलं: विलिस. वय तीस. अकरा डिसेंबर १९८२ रोजी समुद्रात वारला.