मोटारीतला कर्णा

राणीसावरगावच्या किशनरावांनी हैदराबादेहून जुनी मोटार आणली, तेव्हा दोन दिवस गावातलं कुणी धड शेतावर गेलं नाही. वरून उघडी, काळी, चढ लागला की खोकणारी गाडी. पण निजामाच्या त्या मुलखात मोटारी अशा होत्याच किती! तरी किशनरावांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. पाथरीला त्यांचे साडू दिनकरराव राहत. त्यांच्याकडे ग्रामोफोन होता आणि त्याच्या कर्ण्याचा आवाज पार वेशीपर्यंत जातो, असं ते भेटेल त्याला सांगत.

आता गंगाखेडला किशनरावांच्या बायकोच्या, कमलबाईंच्या, भाचीचं लग्न होतं. दिनकरराव येणार होतेच.

"मोटारीतच ग्रामोफोन बसवू," किशनराव बायकोला म्हणाले. "त्यांचा घरात बसून वाजतो, आपला पळत पळत वाजंल."

"लग्नात वाजंत्री असतात की," कमलबाई म्हणाल्या. पण गाण्याचा त्यांना भारी नाद, म्हणून त्याही दुकानात निघाल्या.

गंगाखेडच्या चंद्रभाननं तीन यंत्रं पुढं मांडली. एकाला पितळी कर्णा होता, घासूनपुसून लख्ख केलेला. दुसऱ्याचा कर्णा पत्र्याचा, धोतऱ्याच्या फुलासारखा, आतून गुलाबी रंगवलेला. तिसरी नुसती पेटी होती, प्रवासाच्या बॅगेसारखी.

"ह्याला कर्णाच न्हाई?" किशनराव म्हणाले.

"आत हाय. पेटीच्या पोटात."

"कर्णा काय लपवून ठेवायची चीज हाय? बाजूला ठेवा ती."

दुकानात पितळीचा आवाज खणखणीत लागला, पत्र्याचा जरा गोड. ठरेना. शेवटी चंद्रभान म्हणाला, "दुकानातलं ऐकणं वायलं आन् मोटारीतलं वायलं. चला, फिरवूनच बगा." माल त्याचा, म्हणून तोही गाडीत बसला. कमलबाईंच्या सांगण्यावरून त्यानं पेटीही घेतली.

गावाबाहेर बिरू धनगर मेंढरं चारत होता. किशनरावांनी त्याला रानातच उभं केलं. "आमी इकडून तिकडं जातो. कोणता चांगला वाजतो ते तू सांगायचं."

आधी पितळी. चंद्रभाननं चावी दिली, तबकडीवर सुई ठेवली आणि मोटार निघाली. पहिल्याच चाकोरीत सुईनं उडी मारली. गाणारी बाई "स, स, स" करत अडली, दुसऱ्या खड्ड्यात एकदम शेवटच्या ओळीवर जाऊन किंचाळली. मेंढरं चहूकडं उधळली.

बिरू धापा टाकत रस्त्यावर आला. "मालक, त्या बाईला कुनी मारलं का? कामून रडायलीय?"

मग पत्र्याचा. हा बरा चालला होता. पण वाऱ्यानं कर्णा हळूहळू फिरला आणि त्याचं तोंड किशनरावांच्या कानाला लागलं. नेमकी तान सुरू झाली. किशनराव केवढ्यानं तरी ओरडले, हातातलं चाक सुटलं आणि मोटार बांधावर चढून बाभळीत शिरली.

"ह्येचा ऐकू आला," बिरूनं निकाल दिला, "पर तुमचा जास्त आला."

बिरूनं आणि चंद्रभाननं गाडी ढकलून बाहेर काढली. किशनराव धोतरातले काटे काढत होते, तेवढ्यात कमलबाईंनी बिरूचं घोंगडं मागून घेतलं, घडी करून मांडीवर ठेवलं आणि वर ती पेटी. "आता चालवा. हळू."

मोटार हलली. खड्डा आला, कमलबाई हलल्या, पेटी हलली, पण घोंगड्यावर सुई जागची सुटली नाही.

"मालक," बिरू लांबून ओरडला, "मला तर काईच ऐकू येईना!"

"बघ!" किशनराव म्हणाले. "काय उपेग?"

"बिरूला कुठं बसायचंय मोटारीत? ऐकायचं कुनी?" कमलबाई म्हणाल्या.

किशनरावांनी वळून पाहिलं. कमलबाई डोळे मिटून तबकडीबरोबर हलकेच गात होत्या. लग्नाला बारा वर्षं झाली होती. बायकोचा एवढा सुरेल गळा त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी गाडी आणखी हळू केली.

"पेटीच द्या," ते चंद्रभानला म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मोटार मांडवापाशी गुपचूप येऊन थांबली. दिनकरराव हसतच पुढं आले. "कुठाय कर्णा? आमाला तर काईच ऐकू येईना!"

"आत बसावं लागतं, दाजी," कमलबाई म्हणाल्या.

दिनकररावांनी आधी फूटबोर्डावर एक पाय ठेवून कान आत घातला. मग दुसरा पाय आला. मग ते बसलेच. ते काय ऐकतात म्हणून आणखी चौघं चढले, त्यांच्या मांडीवर पोरं. मोटार जमिनीला टेकायची बाकी राहिली. मालकालाच जागा उरली नाही; किशनराव फूटबोर्डावर कसेबसे लटकले.

मांडवातून भटजींनी हाळी दिली, मुहूर्त भरत आला होता. कुणी हलेना.

"एवढी तबकडी हूं द्या," दिनकरराव म्हणाले, आणि मंगलाष्टकं संपल्यावर त्यांनी अक्षता मोटारीतूनच टाकल्या. सगळ्या वाजंत्र्यांच्या डोक्यावर पडल्या.