वहिनीच्या हातचं अस्तर

आत्याला पणजोबांचं चरित्र छापून हवं होतं, आणि तेही ती हयात असताना. वय शहाऐंशी, तेव्हा घाई रास्तच होती. पणजोबा तिचे, माझे खापरपणजोबा. आमचं पुस्तकबांधणीचं दुकान त्यांनी नावारूपाला आणलं. घरातल्या वह्या, दाखले, जुने कागद पुढ्यात घेऊन तिनं तीन वर्षांत चाळीस पानं लिहिली होती. मी जरा शंका काढली की म्हणायची, तू आपले पुठ्ठे काप.

चरित्राचा कळस म्हणजे वहिनीचं प्रकरण. पणजोबांचा थोरला भाऊ १८७३ साली बायकोला टाकून परमुलखात निघून गेला, तो गेलाच. एका ओळीचीही खबर नाही. धाकट्या दिरानं त्या बाईला जन्मभर सांभाळलं. घरच्या वहीत त्यांच्याच अक्षरात नोंद आहे: "वहिनीच्या हातचं अस्तर दुसऱ्या कुणाला साधत नाही." अस्तर म्हणजे शिवलेल्या पानांच्या पाठीवर, कातड्याच्या आत, खळीनं चिकटवलेल्या कागदाच्या पट्ट्या. त्या रद्दीतून कापायच्या, हा आमच्या धंद्याचा जुना रिवाज. आत काय लिहिलंय ते कोण बघतंय? वहिनीनं एकोणतीस वर्षं तेच काम केलं. आत्या ही नोंद वाचून दाखवताना दर वेळी गहिवरायची. केवढा मान दिलाय बघ, म्हणायची.

मागच्या महिन्यात एका शाळेनं झाडपाल्यावरचा जुना ग्रंथ दुरुस्तीला पाठवला. शेवटच्या पानावर आमच्याच दुकानाचा शिक्का, साल १८७६. पाठ पार खिळखिळी झालेली. कातडं सोडवलं, ओल्या फडक्यानं खळ मऊ केली आणि पट्ट्या निघायला लागल्या. हातानं लिहिलेला कागद होता. निम्म्या पट्ट्या उलट्या लावलेल्या. वाचता येणारा माणूस सवयीनंच कागद सुलट धरतो. वहिनीला अक्षरओळख नव्हती.

सात पट्ट्या टेबलावर जुळवल्या. मधल्या दोनतीन ओळी गायब होत्या, पण उरलं ते पुरेसं होतं. थोरल्यानं धाकट्याला लिहिलं होतं: "हे पाचवं पत्र. काम पक्कं झालं आहे, खोलीही मिळाली आहे. तिला पाठवून दे. आणि हे तिला वाचून दाखव, म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल."

माझं डोकंच फिरलं. दुकानातला चांगला हात जाऊ नये म्हणून हा गृहस्थ मूग गिळून बसला. वर पत्रं रद्दीत टाकून तिच्याच पुढ्यात ठेवली.

आत्याला सांगावं की नाही, यात माझे दोन दिवस गेले. म्हातारीचा सगळा जीव त्या चाळीस पानांत अडकलेला. शेवटी पट्ट्या एका पुठ्ठ्यावर लावून तिच्यापुढे ठेवल्या. तिनं भिंग घेऊन दोनदा वाचल्या. अक्षर खरंच थोरल्याचं का, असं विचारलं. दुकानाच्या जुन्या वहीतल्या त्याच्या अक्षराशी मी आधीच ताडून पाहिलं होतं. तसं सांगितलं.

"चिकटवून टाक परत," ती म्हणाली. "शाळेला पुस्तक द्यायचंय ना?"

"नाही. आपल्या घरानं हे एकदा केलंय, आत्या."

ती भडकली. तुझ्या जिभेला काही हाड नाही, म्हणाली. मेलेल्या माणसाला जाब विचारून काय पदरात पडणार, असंही म्हणाली. मी वाद घातला नाही, चहा टाकायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ती चरित्रातलं तेच पान काढून लिहीत होती. पणजोबांची स्तुती तिनं खोडली नव्हती. सगळं होतं तसं ठेवून खाली चार वाक्यं घातली होती. पान तिनं माझ्याकडे सरकवलं.

"थोरल्या भावाची पत्रं येत होती. माझ्या पणजोबांनी ती वहिनीला वाचून दाखवली नाहीत. तिनं ती स्वतःच्या हातानं पुस्तकांना चिकटवली. मरेपर्यंत ती नवऱ्याला शिव्या देत होती."

शेवटचं कुठल्या कागदात सापडलं, मी विचारलं.

"कागदात नाही," आत्या म्हणाली. "माझ्या आजीनं कानांनी ऐकलंय. रोज सकाळी, खळ शिजवताना."