गिटारला नवं धड

पंपांच्या, पंख्यांच्या जळालेल्या मोटारींना तांब्याच्या तारेची नवी वाइंडिंग भरून देणारी एक बाई होती. तिची गिटार ऐन सरावात मोडली. सूर चढवायला तिने तार पिळली, तशी गिटारची मान स्क्रूंसकट धडातून उपटून आली आणि मागोमाग मूठभर भुसा जमिनीवर सांडला.

गिटार तिने स्वतःच बनवली होती. मान एका मोडीत निघालेल्या गिटारची. तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपवर तिच्या दुकानातलीच केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. आणि धड टाकून दिलेल्या टेबलाच्या फळीचं. फळी भुसा दाबून केलेली होती. वरच्या मजल्यावरची मोरी गळायची, ते पाणी भिंतीतून झिरपायचं, आणि गिटार वर्षभर त्याच भिंतीला टेकून उभी होती.

"मान शाबूत आहे, धड गेलं," बँडमधला ड्रमवाला म्हणाला. "कार्यक्रमापुरती कुणाची तरी मागून घे."

"मागितलेल्या गिटारचा आवाज मागितलेलाच येतो," ती म्हणाली आणि धड शोधायला लागली.

जुन्या वाद्यांच्या दुकानात एक लाल, चकचकीत बॉडी टांगली होती. किंमत ऐकून ती हसली. एवढ्या पैशांत तिची अख्खी गिटार झाली होती. नाकापेक्षा मोती जड. दुसरी एक बिनरंगाची, हलकी आणि परवडणारी होती. तिने पर्समधून मोजपट्टी काढली. मान बसायची खाच अरुंद निघाली, पिकअपचं भोक लहान.

"मान थोडी तासून घ्या," दुकानदार म्हणाला. ती पुन्हा मोजायला लागली. "मॅडम, बॉडी बघताय की मुलीसाठी स्थळ?"

"स्थळ असतं तर चालवून घेतलं असतं."

तिच्या दुकानासमोरच्या सुताराकडे लाकूड होतं, पण ते इतकं जड की पट्टा गळ्यात घातल्यावर दोन गाण्यांत खांदा उतरला असता. हलकं हवं तर अख्खी नवी फळी विकत घ्यावी लागणार होती.

"ताई, घरातलं जुनं काही असेल तर आणा," सुतार म्हणाला. "पलंग, कपाट, काहीही. ते सुकून तयार असतं. मी कापून देतो, तुम्ही माझ्या पंख्याची मोटार भरून द्या."

जेवताना तिने हे सगळं सांगितलं. सासूबाईंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "माझ्या पलंगाची डोक्याकडची फळी घे."

नवऱ्याचा हात ताटातच थांबला. तो बस चालवायचा. फारसा बोलणारा नव्हता. "आई, तो बाबांचा पलंग आहे."

"झोपते मी त्याच्यावर."

"पण आणला त्यांनी."

"आणला, आणि सोडून गेले."

सासरे घर सोडून गेले तेव्हा नवरा शाळेत होता. ते गावाबाहेर गेलेच नव्हते. नदीपलीकडे त्यांचं दुसरं घर होतं. या घरात तो विषय कुणी काढत नसे.

"उद्या ते परत..." नवरा म्हणाला आणि थांबला.

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते. "तू अजून वाट बघतोयस?"

तो उठला, ताट घासलं, आणि आतल्या खोलीत गेला.

"राहू द्या आई," ती म्हणाली. "मी दुसरं काहीतरी बघते."

तिने आठवडाभर बघितलं. भंगारवाल्याकडचा दरवाजा आतून पोकळ निघाला. एका कपाटाला वाळवी होती.

मग सुट्टीच्या दिवशी नवऱ्याने कुणाला न विचारता पलंगाच्या बोल्टला पाना लावला. एक बोल्ट गंजून बसला होता. त्याने तेल सोडलं, चहा केला, प्यायला, आणि पुन्हा जोर लावला. फळी खांद्यावर घेऊन तो सुताराकडे गेला, तेव्हा ती दुकानाबाहेर येऊन उभी राहिली.

"नक्की ना?" तिने विचारलं.

"बाबा कधीकधी माझ्याच बसमध्ये चढतात," तो म्हणाला. तिला हे माहीत नव्हतं. "मागे बसतात. आम्ही बोलत नाही. परवा उतरताना मीच थांबवलं. म्हटलं, तुमच्या पलंगाची फळी कापतोय."

"मग?"

"म्हणाले, कुठला पलंग?"

त्याने सुताराला विचारलं, "आडवी कापायची की उभी?"

फळी पातळ होती. सुताराने तिचे दोन तुकडे एकावर एक चिकटवले आणि शिकंज्यात आवळून ठेवले. मान बसायची खाच त्याने तिने दिलेल्या मापाने खोदली. कडा घासायचं काम नवऱ्याने मागून घेतलं. पॉलिश कागद घेऊन तो घासत राहिला. बराच वेळ झाला तेव्हा सुतार म्हणाला, "साहेब, बास. आणखी घासलंत तर गिटारची सतार होईल." नवरा हसला. तिने त्याला बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं.

तारा चढवल्यावर वरचे सूर जरा बेसूर लागले. तिने तारा टेकतात ती पट्टी केसभर मागे घेतली, तेव्हा जमलं. आवाज पूर्वीपेक्षा जाड आला. तो चांगला की वाईट यावर बँडमध्ये वाद झाला, आणि ड्रमवाल्याने नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू घेतल्या.

कार्यक्रमाला सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या आणि पहिल्याच गाण्याला कानात बोटं घालून मागे गेल्या. नवरा ड्युटीच्या कपड्यांत आला. दाराशी उभा राहून त्याने दोन गाणी ऐकली. दुसऱ्या गाण्यात तिने एक लांब सूर धरला होता. सूर विरेपर्यंत तो थांबला, मग टोपी घातली आणि बस काढायला गेला.