दुसरी खूण

"हात पूस, रेजाँ," ग्लेनिस म्हणाली.

मी एका बोटीच्या इंजिनाचा पंखा काढत होतो. ग्लेनिसचं आमच्या धक्क्यावर आमिषाचं दुकान आहे. भर सकाळी गिऱ्हाईक सोडून ती कधी बाहेर येत नाही. तिच्या मागे तलावावरचा पोलीस उभा होता. टोपी त्याच्या हातात होती.

"कुठे?" मी विचारलं. कोण, ते विचारायचं कारण नव्हतं. पाण्यावर माझं एकच माणूस होतं.

"बेटाच्या पश्चिमेला. स्पर्धेतली एक बोट तिच्या बोटीला..."

"बाजूने घासली?"

"वरून गेली," पोलीस म्हणाला.

ओडेटला, माझ्या बायकोला, मी बुटांवरून ओळखलं. त्या बोटीचा पंखा तिच्या खांद्यातून आरपार गेला होता. तिची ॲल्युमिनियमची बोट डबा कापावा तशी मधोमध उघडली होती. मी आयुष्यभर पंखे दुरुस्त केले. त्यांच्या पात्याला किती धार असते हे मला कोणी सांगायला नको होतं.

मारणारा ड्वेन लाफ्लॅम. पलीकडच्या, न्यू यॉर्कच्या काठावरचा. मासे धरायच्या स्पर्धेच्या दिवशी पहाटे बोटी तिथून एकामागे एक सुटतात. चांगली जागा आधी पकडायची म्हणून वेड्यासारख्या पळतात, आणि समोर उगवता सूर्य असतो. ड्वेनचं लक्ष पाण्यावर नव्हतं. बोटीतल्या, नकाशा आणि तळ दाखवणाऱ्या पडद्यावरच्या एका टिंबावर होतं. आदल्या दिवशी ओडेटची बोट जिथे नांगरलेली दिसली, तिथे त्याने ते टिंब टाकून ठेवलं होतं. तो टिंबावर अगदी बरोबर पोचला.

ओडेट लोकांना बास मासे धरायला नेत असे. लग्नाआधीपासून तेच काम. वसंतात बास कोणालाही मिळतो, काठाशीच असतो. मादी अंडी टाकून निघून जाते आणि नर एकटा घरटं राखत बसतो, जवळ येईल त्याला चावतो.

"तुझ्यासारखाच," ओडेट म्हणायची. "मी गेले की बसशील गुरगुरत."

उन्हाळ्यात पाणी तापलं की बास काठ सोडतो आणि एवढ्या मोठ्या तलावात कुठे जातो ते भल्याभल्यांना कळत नाही. ओडेटला कळत होतं. खोल पाण्यात, चिखलाच्या मधोमध, एक खडक होता. बारीक मासळीचे थवे त्याच्यावरून जात आणि बास खाली दबा धरून असत. वारा सुटला की तुटून पडत.

तो खडक शोधायला ड्वेन कितीतरी उन्हाळे तिच्या मागे फिरला. तो दिसला की ती मुद्दाम दुसरीकडे जाऊन नांगर टाकायची.

"कुत्रं मागे लागलं ना, की जाऊन चिखलावर बसायचं," ती हसायची. "बसू दे त्यालाही दिवसभर."

खडकाच्या खुणा दोन होत्या. पहिली मला ठाऊक होती: उत्तरेच्या काठावर चर्चचा कळस लाल कोठाराच्या बरोबर डोक्यावर यायला हवा. तेवढ्याने एक रेघ मिळते, मैलोन्मैल लांब. त्या रेघेवर कुठे थांबायचं, ते दुसरी खूण सांगते.

"ती मी म्हातारी झाले की सांगेन. आत्ता सांगितली तर तू ग्लेनिसला सांगशील."

"मेलीस तर?"

"मग मला तिथेच टाक. पण खडकावर हं. चिखलात टाकलंस तर परत येऊन तुझं थोबाड फोडीन."

तिची राख पितळी डब्यात आली. मी तिची जुनी लाकडी बोट बाहेर काढली. तिच्यात कसलंही यंत्र नाही. ऑगस्टभर मी रेघेवर जात होतो. वारा पश्चिमेचा असेल तर पश्चिमेला जायचं आणि वाऱ्याबरोबर रेघ आडवी कापत यायचं. रॉड खाचेत, गळाला शिसं, शिसं तळाशी. चिखलावर शिसं जड होतं, वाळूवर सरकतं, खडकावर ठकठकतं. मला चिखलच मिळत होता.

एका दुपारी लाटा वाढल्या असताना एक होडी माझ्याकडे येताना दिसली. ड्वेन वल्ही मारत होता. त्याची मोठी बोट पोलिसांनी ठेवून घेतली होती, खटला अजून उभा राहायचा होता. त्याने माझ्या बोटीची कड धरली.

"सोड," मी म्हणालो.

"एक सांगायचंय. मग हवं ते कर."

"कड सोड, ड्वेन."

"तिथे काही नव्हतं, रेजाँ. मी पडदा बघितला, नंतर. खाली सपाट. नुसता चिखल." त्याने कड आणखी घट्ट धरली. "मी तिला चिखलासाठी मारलं."

मला ओडेटचं हसणं ऐकू आलं. मीही हसलो बहुतेक, कारण तो चमकून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याने विचारलं, "मग खडक कुठे आहे?"

मी वल्हं उचलून त्याच्या तोंडावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. त्याने हात वर केला नाही, म्हणून मी पुन्हा मारलं. तो दोन्ही बोटींच्या मध्ये पाण्यात गेला. मी त्याचे केस धरले आणि डोकं खाली दाबलं. पाणी लाल झालं. त्याचा हात माझ्या मनगटावर होता, पण ओढत नव्हता, नुसता होता. मी दाबून धरलं. बोट गरगर फिरत होती.

ठक. ठक, ठक.

खाचेतला रॉड धक्के खात होता. मग तो एकदम पाण्यापर्यंत वाकला. पलीकडे बास उडाला, काशाच्या रंगाचा. डोकं झटकून आदळला, पुन्हा उडाला.

माझा हात सुटला. ड्वेन वर आला, रक्त आणि पाणी ओकला, आणि मोडक्या जबड्याने ओरडला, "रॉड! अरे रॉड धर!"

मी धरला. गळाचा तंगूस तुटला होता.

तेव्हा मी मान वर केली. कळस कोठारापासून केव्हाच सरकला होता. वाऱ्याने आम्हाला किती लांब नेलं, बोट किती वेळा फिरली, खडकावर होतो तेव्हा कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या डोक्यावर होती, मी काहीच पाहिलं नव्हतं. मी ड्वेनचं डोकं बघत होतो.

"काय दिसत होतं?" मी विचारलं. "तुला काही दिसलं?"

"मी पाण्याखाली होतो," तो म्हणाला.

मी त्याला काखेत धरून त्याच्या होडीत ढकललं.

दोन दिवसांनी ग्लेनिस म्हणाली, "ड्वेन म्हणतो, धक्क्यावर घसरून पडला. धक्का वल्ह्याच्या आकाराचा असतो का रे?"

मी आमिषाचे पैसे पुढे केले. तिने ते घेतले नाहीत.

आता सप्टेंबर आहे. पाणी थंड व्हायला लागलं की बास तिथून हलतील. मी रोज जातो. कधी कधी दूर, रेघेच्या पलीकडे, ड्वेनची होडी असते. त्याचा जबडा तारेने बांधलेला आहे. तोही शिसं ओढत असतो. आम्ही एकमेकांना हात करत नाही. मी त्याला माफ केलेलं नाही.

डबा बोटीत, तिच्या बसायच्या फळीखाली आहे. खडक सापडलेला नाही. ओडेटला अजून टाकायचं आहे.