मोहाखालची घुंगरमाळ

आवाज नाही.

मागच्या चैत्रात, म्हणजे सत्त्याण्णव साली, हिरासिंग उजाडायच्या आत मोहाची फुलं वेचायला गेला, तो असा: पायात वहाण नाही, तोंडात बिडी नाही, साधं खाकरणंही नाही. साऱ्या तांड्याची हीच रीत. आपल्या झाडाखाली फुलं पडल्याचा सुगावा शेजारच्या घराला लागू नये.

सुगावा अस्वलालाही लागला नाही. ते मान खाली घालून फुलंच खात होतं. दोघं एकमेकांच्या अंगावर गेले. तेव्हापासून हिरासिंगचा उजवा खांदा वर होत नाही.

थोडा आवाज.

औंदा फुलं गळू लागली. तांड्याची आणखी एक रीत: सलग दोन हंगाम झाड सोडलं की ते दुसऱ्या घराला जातं. झाड हिरासिंगच्या आईनं, म्हणजे रुख्मिणीबाईच्या सासूनं, राखलेलं. मागचा हंगाम खांद्यापायी बुडाला होता, आणि हा दुसरा.

"जाऊ दे ते झाड," हिरासिंग बायकोला म्हणाला. "न्हाईतर अस्वलाच्या बिळात मिरचीचा धूर घालतो."

"खांदा तर उचलंना. धूर काय दातानं धरता?"

तो हसला नाही. "काहून जीव द्यायला जाऊन राहिली?"

"तुमी चोरावानी गेले, म्हणून ते बिचकलं. मी सांगून जाते."

तिनं आढ्याची घुंगरमाळ काढली. आजेसासऱ्याच्या, मीठ वाहणाऱ्या बैलाची.

आवाजच आवाज.

दिवस कासराभर वर आला, तेव्हा माळ टोपलीला बांधून ती निघाली.

"बाई, बैल कुठं ठिवला?" शेजारच्या चंदाबाईनं ओढ्यावरून विचारलं.

"घरी झोपलाय."

झाड अजून लांब होतं. त्याच्याखाली काळं काहीतरी उभं राहिलं. अस्वल. पाठीवर केस धरून बसलेलं पिल्लू.

रुख्मिणीबाईचे पाय पळू म्हणत होते. ती पळाली नाही. पाठ न दाखवता, टोपली हलवत, एकेक पाऊल मागं सरली. खुळ्ळ. खुळ्ळ.

अस्वलानं वास घेतला, चार पायांवर आलं आणि पिल्लासकट नाल्यात उतरलं.

ती बराच वेळ थांबली. मग उन्हाकडची फुलं वेचली. नाल्याकडची तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाटेवर तिच्या मागून आवाज येऊ लागला. हिरासिंग होता. डाव्या हातात तांब्या, तांब्यात खडे.

"झोपलेला बैल उठला व्हय?" चंदाबाईनं विचारलं. तिच्याही टोपलीत पितळी थाळी आणि उलथणं होतं.

"उठला," हिरासिंग म्हणाला आणि त्यानं तांब्या वाजवला.